दोन इंच जास्त

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे कॉलरबाई म्हणत. बावीस वर्षं एकाच मशिनवर कॉलरी शिवल्या, दुसरं नाव पडणार तरी कसं? पण तिचा डोळा होता कटिंगच्या टेबलावर. कटिंग मास्तर जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि मालकांची अट होती, त्या जागेवर दहावी पास माणूसच हवं. कॉलरबाईचे बाकी विषय सुटले होते, गणित तेवढं मानगुटीवर बसलं होतं. दोनदा आपटली होती. जूनच्या आत परीक्षा एकच उरली होती.

शिकवायला होती सून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, पण सासूची वही तपासताना ती भीडभाड ठेवत नसे.

"आई, अठरा मीटर कापडाचे दोन तुकडे, एक दुसऱ्याच्या दुप्पट. लहान तुकडा क्ष, मोठा दोन क्ष, म्हणजे क्ष आला सहा. तुम्ही सहा मीटर दोन इंच का लिहिलंत?"

"शिलाईला नको? नेमकं कापलं की आखूड पडतंच."

"आणि मोठा बारा मीटर दोन इंच! हे वरचे चार इंच आणलेत कुठून?"

कॉलरबाईच्या डोक्याला पटत होतं, हात ऐकत नव्हता.

संभाव्यतेने तर तिला संतापच आणला. डब्यात तीन लाल, पाच पांढरी बटणं. न बघता एक काढलं तर लाल येण्याची शक्यता किती?

"न बघता बटण काढणाऱ्या बाईला कामावर ठेवेल का कुणी?"

"तीन छेद आठ लिहा आणि पुढे चला."

तिने लिहिलं. रोज सकाळी चहाआधी पाच गणितं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. टाके उसवून परत घालण्यात जन्म गेलेला, खोडायची कसली लाज? भीती मात्र वाटायची. तरी वही मिटली नाही.

परीक्षेत शेवटचं गणित आलं. कापड धुतल्यावर दहा टक्के आटतं. धुतल्यावर साडेचार मीटर उरायला किती घ्यावं? मागे मास्तरांनी साडेचारवरच दहा टक्के चढवले होते आणि पँटींचा अख्खा गठ्ठा आखूड निघाला होता. आटतं ते न धुतलेलं कापड, हे तिने तेव्हाच गाठीशी बांधलं होतं. नव्वद टक्के क्ष म्हणजे साडेचार. क्ष बरोबर पाच.

पेन सवयीने पुढे सरकलं. तिने डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि पाचपुढे काहीही लिहिलं नाही.

निकालाचा कागद मास्तरांनी चष्मा वर करून वाचला. गणितात सदतीस.

"पस्तीसला पास करतात. हे वरचे दोन कशाला?"

"शिलाईला," कॉलरबाई म्हणाली आणि मोठ्या कात्रीसाठी हात पुढे केला.