संध्याकाळी साडेसहा, समाजमंदिर

माझ्या शिवणाच्या मशीनखाली चिंध्या कशा साठतात, ते मला आजवर कळलेलं नाही. रोज झाडते, तरी आठवड्यानं बघावं तर पोतंभर! किस्स्यांचंही तसंच. क्लासमध्ये रोज काहीतरी घडतं, हसून हसून पोट दुखतं, मग घरी जाऊन आपण भाकरी थापायला बसतो आणि विसरतो. पुढं कुणाच्या तरी लग्नात चौघी भेटतात, एक म्हणते, "बाई, ते पायजम्याचं सांगा की!" आणि पोतं सांडतं.

क्लास म्हणजे आमच्या साखरा गावच्या समाजमंदिरात भरतो तो. एक दिवस शिवण आणि भरतकाम, ते मी शिकवते. दुसऱ्या दिवशी व्यायाम, तो शीतल शिकवते; मीही तिथंच असते, हातात काहीतरी शिवण घेऊन. शीतल गावची नवी सून, बी.पी.एड. झालेली. गळ्यात मंगळसूत्र आणि शिट्टी, दोन्ही!

पहिल्या दिवशी कौसल्याकाकूंनी तिला विचारलं, "मॅडम, दिवसभर रानात निंदून आलो. आता अजून कायचा व्यायाम?"

शीतल म्हणाली, "काकू, ते काम झालं. हे तुमच्यासाठी."

साठी ओलांडलेल्या काकूंनी तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पदर खोचला. "माझ्यासाठी हाय तर करून बघू!"

त्या दिवसापासून काकूंचा एकही खाडा नाही.

*

सगळ्यांचं आवडतं आसन कोणतं? शवासन! दिवसभर राबलेल्या बायकांना कुणीतरी 'पडा' म्हणतंय, यापेक्षा सुख काय?

एका संध्याकाळी लाइट गेलेली. डास फार, म्हणून सगळ्यांनी तोंडावर पदर घेतलेले. शीतल हळू आवाजात म्हणून राहिली होती, "सोडा... सगळं अंग सोडा..." आणि ती बी आडवी झाली.

तेवढ्यात सिद्धेश्वर धरणाचे मासे मोटरसायकलवर आणून विकणारा एक बाबा दारात आला. आत डोकावला. अंधार, आणि ओळीनं झाकलेल्या बायका! त्यानं मोटरसायकल तिथंच टाकली आणि पाराकडं पळत सुटला. "धावा हो! समाजमंदिरात बायका झाकून ठेवल्यात!"

अख्खा पार उठून आला. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या हातात काठी, एक जण तर अर्धी दाढी केलेला! सगळ्यांच्या पुढं कौसल्याकाकूंचे मालक, त्र्यंबकतात्या. दारातूनच त्यांनी हंबरडा फोडला, "कौसल्येऽऽ!"

काकूंनी पदराचा एक कोपरा उचलला, एक डोळा उघडला. "वरडू नका. शवासन चालू हाय."

दुसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवता ओवता काकू माझ्या कानाशी आल्या. "बाई, लग्न झाल्यापासून 'अगं ऐकलं का'च म्हणून राहिले होते. काल गावासमोर नावानं हाक मारली, बरं का!"

आणि लाजल्या.

मासे? ते मांजरांनी नेले.

*

शीतल एकदा म्हणाली, "पुढच्या वेळेपासून हाताला थोडं वजन घ्यायचं. डंबेल नाहीत, तर घरून काहीतरी आणा."

कुणी पाण्याच्या बाटल्या आणल्या, कुणी पाटा-वरवंट्यातला वरवंटा. तांड्यावरच्या सोनीबाई मात्र काखेत शेळीचं करडू घेऊन हजर! आई मेलेलं करडू, घरी ठेवलं तर ओरडून तांडा डोक्यावर घेतं, म्हणून बाईनं संगंच आणलं.

सोनीबाईंच्या हातात कला मोठी. काचांचं भरतकाम आमच्या क्लासला त्यांनीच शिकवलं. पण व्यायामात त्यांचं डोकं त्याहून जास्त चालतं. सगळ्या जणी बाटल्या वर-खाली करताहेत आणि सोनीबाई करडू वर-खाली! करडूही खूश. वर गेलं की शेपटी हलवायचं.

शीतल शिट्टी काढून म्हणाली, "सोनीबाई, हे काय! वजन आणायला सांगितलं होतं!"

"हे वजनच हाय की."

"अहो, पण जिवंत?"

"मॅडम, तुमीच म्हणल्या ना, दर आठवड्याला वजन थोडं थोडं वाढवायचं?" सोनीबाईंनी करडाच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या बाटल्या हाय तेवढ्याच राहतील. हे आपोआप वाढतंय!"

शीतलनं बी.पी.एड.च्या दोन वर्षांत हे ऐकलेलं नव्हतं.

*

आता पायजमा. साडीवर उड्या मारता येईनात. ट्रॅकपँट घालायची तर गाव काय म्हणेल? कौसल्याकाकूंनी तोड काढली. साडीच्या आतून तात्यांचा पायजमा! बाकीच्यांनीही तेच सुरू केलं, आणि साखऱ्यातल्या पुरुषांचे पायजमे संध्याकाळी गायब व्हायला लागले.

एकदा तात्यांना साखरपुड्याला जायचं होतं. इस्त्रीचा पायजमा कुठं मिळेना. शेवटी शर्ट, टोपी आणि खाली टॉवेल अशा अवतारात ते समाजमंदिराच्या खिडकीशी आले. "माझा पायजमा!"

काकू उड्या मारता मारताच म्हणाल्या, "थांबा जरा! पन्नास व्हायच्या हायेत!"

*

तेव्हापासून तात्यांच्या मनात क्लासबद्दल जरा अढीच बसली. 'या वयात उड्या कायच्या मारायच्या?' असं पारावर म्हणून राहिले होते. काकूंच्या तोंडावर म्हणायची सोय नव्हती. काकूंना मात्र उडत उडत कळलं होतं, आणि त्या मनातून धास्तावल्या होत्या. "बाई, उद्या हे 'नको जाऊ' म्हणले तर काय करू?" असं मला दोनदा विचारून झालं होतं.

तर एक दिवस शीतलनं डान्सचा व्यायाम लावला. ब्लूटूथचा स्पीकर गावच्या भजनी मंडळाचा, आत बारका माइकही असलेला. ऐन रंगात शीतलच्या मोबाइलची बॅटरी संपली आणि गाणं बंद पडलं. आता तात्या भजनी मंडळातले. ते बाहेर कट्ट्यावरच बसले होते, मोबाइल खिशात. स्पीकरला जुनी ओळख पटली आणि तो गुपचूप तात्यांच्या मोबाइलला जाऊन जोडला!

तेवढ्यात तात्यांना फोन आला. वारंगा फाट्यावर टायरचं दुकान असलेला त्यांचा मेव्हणा, म्हणजे काकूंचा सख्खा भाऊ. तात्यांनी फोन उचलला, कानाला लावला. त्यांना काहीच ऐकू येईना. इकडं आत मात्र आकाशवाणी झाली!

"दाजी! परवा म्हणले होते ना तुमी, अक्काचं ते उड्या मारणं बंद करतो म्हणून? मंग? केलं का बंद?"

काकू दोन पावलं पुढं आल्या. कमरेवर हात ठेवून स्पीकरसमोर उभ्या राहिल्या.

"न्हाई केलं. हिंमत झाली न्हाई त्यांची."

स्पीकर खरखरला. मग एकदम बारीक आवाजात, "अक्का?"

"व्हय. अक्काच."

फोन कट!

बाहेर तात्यांचं चालूच होतं, "हॅलो! हॅलो! अरे, बोल की! आवाजच येईना!"

घरी काय बोलणं झालं, ते त्या दोघांना ठाऊक. पुढच्या व्यायामाच्या दिवशी साडेसहाला काकू पुढं आणि काकूंची सतरंजी काखेत घेऊन तात्या मागं. सतरंजी स्वतः अंथरली आणि म्हणाले, "मॅडम, जरा जास्त उड्या घ्या हिच्याकडून. घरी लय बोलून राहिली!"

*

शिवणाच्या क्लासला एकच पुरुष आला, दत्तराव. ट्रॅक्टर चालवणारा, झुपकेदार मिशांचा गडी. दाराशी उभा राहून म्हणाला, "बाई, सीट कव्हर शिवायला शिकवा. ट्रॅक्टरचं सीट फाटलंय."

शिकवायला माझं काय जातंय? तो कापड घेऊन आला, तर मऊसूत, जांभळ्या बारीक फुलांचं. म्हटलं, "दत्तराव, सीटला एवढं मऊ?"

"माल चांगला पाहिजे, बाई."

पुढच्या वेळी विचारतो, "इथं गोलाई कशी द्यायची?" सोनीबाई तोंडात पदर कोंबून हसून राहिल्या. मी डोळ्यांनी दटावलं. त्याच्या पुढच्या वेळी त्यानं कापडाचे दोन तुकडे माझ्यासमोर ठेवले. मी बघितलं आणि मलाही राहवलं नाही.

"दत्तराव, सीटला बाह्या?"

अख्खा क्लास फुटला! दत्तराव मिशीपर्यंत लाल. हसू ओसरल्यावर खाली बघत म्हणाला, "मंडळीचा हात मोडला होता. प्लास्टर निघालं, पण खांदा वर होईना. झंपर घालायला रोज शेजारीण बोलवावी लागते. तिला तकलीफ होती, लाज वाटती. बाहेर निघणंच सोडलं तिनं. म्हणलं, खांद्यावर उघडंल असं काही शिवता आलं तर..."

मग काकू डोळे पुसत उठल्या आणि आपल्या डब्यातली सगळ्यात चांगली बटणं त्याच्यापुढं ओतली. दोन संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसले. खांद्यावर बटणं, बाजूला बटणं. काज त्यानं हट्टानं स्वतः केले.

पुढच्या आठवड्यात त्याची बायको रुक्मिणा स्वतः चालत क्लासला आली, जांभळ्या फुलांचं झंपर घालून. सगळ्यांनी कौतुक केलं. मग मला बाजूला घेऊन ती हळूच म्हणाली, "बाई, एक बाही लांब हाय अन् एक आखूड. पण मी त्यांला सांगितलं न्हाई. तुमी बी सांगू नका."

ट्रॅक्टरचं सीट अजून फाटकंच आहे.

*

आमच्या क्लासला एक सासू-सुनेची जोडी येते. पार्वताबाई आणि मनीषा. एका घरात राहायच्या, पण एकमेकींशी अबोला. कशावरून? कुणी म्हणे बारशाच्या साडीवरून, कुणी म्हणे लोणच्याच्या बरणीवरून. त्यांना स्वतःलाही आठवत नसेल. घरात बोलणं चालायचं ते म्हशीच्या मार्फत! सासू गोठ्यात बघून म्हणायची, "म्हशे, चहा मिळंल का म्हणावं." सून म्हणायची, "म्हशे, चुलीवर हाय म्हणावं."

क्लासला म्हैस नव्हती. म्हणून ते काम माझ्याकडं आलं. "बाई, कात्री द्या म्हणावं." "बाई, घ्या म्हणावं." मी आपली मान हलवायची.

हसण्यावारी नेत होतो, पण गोष्ट हाताबाहेर चालली होती. मनीषाच्या नवऱ्यानं सेनगावात भाड्याची खोली बघायला सुरुवात केली होती. पार्वताबाई वरून म्हणायच्या, "जाऊ द्या!" पण शिवता शिवता सुई बोटात टोचून घ्यायच्या.

शीतलला यातलं काही ठाऊक नव्हतं. एक दिवस ती म्हणाली, "आज जोडीनं व्यायाम. उंचीप्रमाणं जोड्या." आणि साखऱ्यात नेमक्या या दोघींची उंची बराबर! पाठीला पाठ लावायची, कोपरांत कोपरं अडकवायची, खाली बसायचं आणि तसंच उठायचं. शिट्टी वाजली. सगळ्या जोड्या बसल्या आणि कण्हत-कुंथत उठल्या.

या दोघी बसल्या त्या बसल्याच.

एकीनं जोर लावला की दुसरी ढिली. दुसरीनं लावला की पहिली ढिली. कधी उठायचं, ते बोलल्याशिवाय जमणार कसं? आणि बोलायचं कोण? पार्वताबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाई, जोर लाव म्हणावं."

मी माझ्या दोऱ्याच्या रिळाकडं बघत बसले.

"बाई, आधी तुमी लावा म्हणावं," मनीषा म्हणाली.

मी रीळ गुंडाळत राहिले. आज म्हैस रजेवर!

बाकीच्या जणी सतरंज्या गोळा करून निघाल्या. शीतल सोडवायला चालली होती, काकूंनी तिचा हात धरून ठेवला. हॉलमध्ये आम्ही तिघी आणि त्या दोघीच उरलो. दोघी पाठीला पाठ लावून, एकीचं तोंड दाराकडं, एकीचं भिंतीकडं.

बऱ्याच वेळानं पार्वताबाईंनी घसा खाकरला. "उठायचं का?"

भिंतीकडून मनीषाची बांगडी वाजली. मग हळूच, "तुमचा गुडघा दुखून राहिला असंल."

"दुखून तर राहिलाय."

"मंग सकाळी काहून न्हाई सांगितलं?"

"कुणाला सांगू? म्हशीला?"

आधी मनीषाची पाठ हलायला लागली. मग पार्वताबाईंची. हसताहेत की रडताहेत, दुरून काही कळेना. दोघी एका बाजूला कलंडल्या, तशाच अडकलेल्या, आणि एकमेकींना बोलतच सुटल्या. साडी आली, बरणी आली, सेनगावची खोली आली.

शेवटी शीतल घाबरून पुढं गेली. "अहो, कोपरं सोडा आता! क्लास संपला!"

पार्वताबाईंनी जमिनीवरूनच मान वळवली.

"मॅडम, तुमी कुलूप इथं ठिवून जा. आमचं अजून बोलणं व्हायचंय."