हार्डली आणि कढईतला खवा

खव्याचा वास आला की मी भूममधल्या आमच्या भट्टीपाशी पोचते. आठवीत होते. इंग्रजीचे सर भर वर्गात म्हणाले होते, "हिला इंग्रजी हार्डली येतं." घरी येऊन आईला बजावलं, "उद्यापासनं मी त्या तासाला बसणार न्हाय."

"हार्डली म्हंजी काय गं?"

"जवळजवळ न्हायच."

कढई खरवडून आईनं तळाचा चिमूटभर गरम खवा माझ्या तळहातावर ठेवला. "जवळजवळ न्हाय म्हंजी हाय की! खा, आन् उद्या पुढच्या बाकावर बस."

मी बसले. आईला शब्द कळलाच नाही, असं तेव्हा वाटलं होतं. आज इतकी वर्षं इंग्रजी शिकवून सांगते, सरांपेक्षा तो तिलाच नीट कळला होता.