स्लॅबमधलं लोखंड

जेवण झाल्यावर इंदुमती रिकाम्या माजघरात चटई टाकून आडवी होते. सामान कालच मुलाकडे गेलंय. अंगणात पाडकामाची माणसं भाकरी खात बसली आहेत. जेवण उरकलं की ही माणसं स्लॅबवर चढून घण घालणार. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता तिचे डोळे जड होतात.

तासगावात पाडकामवाले पैशाला पासरी. इंदुमतीनं मात्र पारखून परवानावाला, गावातलाच नागेश धोत्रे धरला. तो तिच्या नवऱ्याच्या हाताखाली शिकलेला, त्याची माणसंही तिथंच राबलेली. नवरा, दिगंबर, नावाजलेला बांधकाम ठेकेदार. गेल्या वर्षी वारला. पाडण्याआधी स्लॅबचा कोपरा फोडून आतलं लोखंड माणसांचा भार पेलेल का ते बघायचं, हा नागेशचा शिरस्ता. पण उस्तादांच्या घरावर त्याची छिन्नी उठेना. त्यानं वहिनींनाच विचारलं, आणि वहिनींनी छातीठोक सांगितलं, लोखंड भरपूर आहे, ह्यांनी स्वतः बांधलंय.

आता बोलणं ऐकू येत नाही. छत हळूच बाजूला सरतं आणि ती जिन्यात उभी आहे, हातात शिऱ्याचं पातेलं. आज स्लॅब टाकायचाय. स्लॅबच्या दिवशी मालकिणीनं साऱ्यांना गोड खाऊ घालायचं असतं. बायका हातोहात घमेली वर चढवताहेत. वर दिगंबर उकिडवा बसून ओलं काँक्रीट थापीनं सारखं करतोय. केस काळेभोर. तो मेलाय हे तिला ठाऊक आहे, तरी नवल वाटत नाही.

"माणसं वर चढवू नकोस," तो मान वर न करता म्हणतो. "सळ्या अर्ध्याच आहेत आत."

काहीतरीच काय, म्हणत ती जिना उतरते, तर खाली दिराचं मळ्यातलं घर. त्याचाही स्लॅब अजून भरायचाय. सळ्यांची जाळी इतकी दाट की मांजराचं पिल्लूसुद्धा खाली पडायचं नाही. तिच्या घरासाठी आणलेलं लोखंड इथं आलंय.

"भावाला शब्द दिला होता," दिगंबर तिच्या मागेच उभा आहे. "आपलं तेवढ्यात निभेल असं वाटलं."

इंदुमतीच्या अंगाची लाहीलाही होते. फसवलं ह्यानं. पावसाळ्यात छताला तडा गेला की हा सिमेंट फासायचा आणि म्हणायचा, घर बसतंय अजून. ती विश्वास ठेवायची. वर आल्यागेल्याला कौतुकानं घर दाखवायची.

"लेकरांचा पाळणा टांगला होता मी त्या छताला. तेव्हा नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही."

"मग आज कसा झाला?"

"ही माणसं माझ्यासाठी राबलीत, इंदू."

हे मात्र तिच्या जिव्हारी लागतं. त्यांच्यासाठी तो मरणातून उठून आलाय, आणि तिच्यासाठी जिवंतपणी तोंड उघडलं नाही. ती पाठ फिरवते. तो थांबवायला खांद्यावर हात ठेवतो. ती झिडकारते.

जाग येते तेव्हा जिन्यात पावलं वाजताहेत. इंदुमती तशीच अनवाणी धावते आणि सगळ्यांना खाली बोलावते. कोपरा फोडून बघितल्याशिवाय कुणी वर जायचं नाही, म्हणून नागेशला बजावते. उस्तादांचं काम आहे वहिनी, असं तो गोंधळून पुटपुटतो.

"म्हणूनच सांगतेय," ती म्हणते.

नागेश तिच्या खांद्याकडे बघतच राहतो. पातळावर सिमेंटचा पंजा उमटलाय, पाचही बोटं ठसठशीत, अजून ओली. घट्ट व्हायच्या आत निघालं पाहिजे, म्हणून ती नळावर जाते आणि खांदा खसाखसा घासायला लागते.