पुस्तकातल्या पुसलेल्या रेघा

मैत्रिणींनो, वाचनालयाच्या फळ्यावर हे चिकटवतेय, कारण एकेकीला तोंडाने सांगायचा धीर नाही.

इंग्रजी वाक्यांतल्या चुका ओळखायच्या सरावाला आपल्या सगळ्यांत ते एकच जुनं पुस्तक. त्यातली वीसपैकी अठरा वाक्यं माझी हमखास बरोबर यायची.

आज पापडी गावाहून शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्वतः लिहिलेली वीस वाक्यं दिली. तीन बरोबर आली.

“अगं, पुस्तकातली तर झटकन सांगायचीस!” बाई म्हणाल्या.

घरी येऊन केळीच्या वाडीत उन्हात पुस्तक तिरकं धरलं. प्रत्येक चुकीच्या शब्दाखाली पेन्सिलची पुसलेली रेघ! माझे डोळे इतके दिवस इंग्रजी नव्हे, रेघा वाचत होते.

रविवारी बँकेची परीक्षा. वयात बसणारी माझी ही शेवटची. काय करू, सुचत नाही.

खरं सांगा, तुमची अठरा तरी तुमची आहेत का?