काळीज, हृदय, हेर्त्स

मी निघाले त्या सकाळी बाबांचे दोन्ही हात रंगात होते. परदेशी जाणाऱ्या मूर्तींची खेप त्याच आठवड्यात रवाना व्हायची होती, आणि मुलगी परदेशी चालली म्हणून गणपतींचं काम थांबत नाही, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मी वाकून नमस्कार केला. बाबांनी रंगलेली बोटं वर धरली आणि नुसतं मनगट माझ्या डोक्यावर टेकवलं. "नीट ऱ्हा," एवढंच म्हणाले. आई गाडीपर्यंत आली. बॅगेत जागा नसताना तिने पोह्याच्या पापडांचं आणखी एक पाकीट कोंबलं आणि म्हणाली, "थंडीत छाती सांभाळ गो." मी निघाले होते ती दुसऱ्यांच्या छात्या सांभाळायला. पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण ती आधीच रडत होती आणि मलाही हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती.

पेणजवळच्या आपल्या जोहे गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं बाहेर पडलेल्यांनो, हे दोघांसाठी लिहिते आहे. मी इथे जर्मनीत एका मध्यम शहरातल्या हॉस्पिटलात, हृदयरोगाच्या वॉर्डात नर्स आहे. तुमच्यापैकी काहींना वाटतं मी फार लांब आले, काहींना वाटतं फार कमावते. पहिलं खरं आहे.

माझ्या आयुष्यात काळजासाठी तीन भाषा झाल्या. पहिली घरची. घरात हृदय नावाची वस्तूच नव्हती, काळीज होतं. ते धस्स व्हायचं, त्याला घरं पडायची, आणि पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे मी हरवून आले तेव्हा ते आईच्या हातात आलं होतं. रक्तसुद्धा आमच्याकडे रगत असायचं आणि ते माणसाच्या अंगात एक तर असायचं किंवा नसायचं. "तिच्या अंगात रगत नाय" म्हटलं की निदान पूर्ण झालं. मग शाळेत पुस्तकातली भाषा आली. अलिंद, निलय, रोहिणी, नीला. रोहिणी शुद्ध रक्त नेते आणि नीला अशुद्ध आणते, हे ऐकून आमच्या वर्गातली खरीखुरी नीला दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती.

नर्सिंग झाल्यावर मी रोह्याला एका दवाखान्यात लागले आणि तिथे या दोन्ही भाषांची गाठ पडली. धाटावच्या कंपन्यांतले कामगार शिफ्ट सुटल्यावर तपासायला यायचे. डॉक्टर म्हणायचे, हृदयाचे ठोके अनियमित आहेत. पेशंट माझ्याकडे बघायचा. मी म्हणायची, "काका, धडधड मध्येच चुकते काय?" मग तो खुलायचा. छातीत दुखतं असं आपल्याकडचा पुरुष कधी म्हणत नाही. छातीत भरल्यासारखं होतं म्हणतो. कुणीतरी बसल्यासारखं वाटतं म्हणतो. बहुतेक वेळा तर "गॅस झालाय" म्हणतो आणि सोडा पिऊन येतो. या गॅसने आपल्या तालुक्यात किती माणसं नेली असतील, देव जाणे.

तिसरी भाषा इथली. हृदय म्हणजे हेर्त्स, रक्त म्हणजे ब्लूट, आणि अभिसरणाला म्हणतात क्राइसलाउफ, म्हणजे गोल धावणं. शब्द मोठा वाटतो, पण इथल्या म्हाताऱ्या तो आपल्याकडे बीपी वापरतात तसा वापरतात. जरा चक्कर आली, हवा बदलली, जावयाचा फोन आला नाही, की यांचं क्राइसलाउफ बिघडतं. हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा इथे माणसांत आल्यासारखं वाटलं. पण पूर्ण नर्स म्हणून मान्यता मिळायची तर परीक्षा होती, आणि त्या परीक्षेत समोर पेशंट म्हणून बसलेल्या बाईला तिच्या आजाराचं सगळं साध्या भाषेत समजावून सांगायचं होतं. आमच्या शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. लॅटिन शब्द तोंडातून निघाला की हात वर करायच्या. "पेशंटला कळलं नाही तर तुम्ही बोललातच नाही," असं म्हणायच्या. हे त्या मला सांगत होत्या, रोह्यात काकांना धडधड विचारणारीला. पण परक्या भाषेत साधं बोलणं हेच सगळ्यात अवघड निघालं.

त्या परीक्षेची तयारी चालू असताना बाबांचं सुरू झालं.

आमचा कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. आई आणि शेजारच्या दोघीतिघी अंगरंग भरतात, सोनेरी लावतात. डोळे मात्र फक्त बाबा आखतात. ज्यांनी हे काम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गणपतीच्या वरच्या पापणीची रेष एका दमात काढायची असते. ब्रश टेकवायच्या आधी श्वास घ्यायचा, धरायचा, रेष संपली की सोडायचा. श्वास चालू ठेवला तर हात हलतो, आणि गणपती झोपाळू नाही तर रागीट दिसायला लागतो. मी लहानपणापासून बाबांना असंच बघितलं आहे. त्या क्षणी शेडमध्ये कुणी भांडंही आपटत नाही.

रविवारी दुपारी मी व्हिडिओ कॉल करायची. आई फोन रंगाच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि मी इकडे भाजी चिरत चिरत शेड बघत बसायची. बोलणं फारसं नसायचंच. त्या रविवारी बाबांनी रेष सुरू केली, अर्ध्यावर ब्रश उचलला, तोंड उघडं ठेवून तीनचार श्वास घेतले आणि राहिलेली रेष पुढे जोडली. पुढच्या मूर्तीला पुन्हा तेच. गिऱ्हाइकाला तो सांधा दिसला नसता. मला दिसला आणि माझ्या हातातली सुरी थांबली.

"बाबा, दम लागतोय का?"

"नाय गो. थिनरचा वास लय झालाय आज."

"हात जड वाटतो? घाम येतो?"

"आषाढात घाम नाय येनार तर काय बर्फ पडनार?"

आई मागून म्हणाली, "परवा सोडा पेले. गॅस हाय त्यांना."

माझं काळीज खाली गेलं. पुस्तकातलं हृदय नव्हे, आपलं काळीजच. कारण रोह्याच्या दवाखान्यात मी हीच वाक्यं याच क्रमाने ऐकलेली होती, आणि त्यांतले काहीजण नंतर पुन्हा आले नव्हते. मी म्हटलं, उद्याच्या उद्या पेणला जाऊन ईसीजी काढा. बाबांनी ब्रश थिनरमध्ये बुडवला आणि सावकाश म्हणाले, "गणपती होऊ दे. मग बघू."

आपल्या गावात हे वाक्य म्हणजे कायदा आहे. पत्रे बदलायचे, गणपतीनंतर. मोतीबिंदू काढायचा, गणपतीनंतर. लग्नाची बोलणी, दाढदुखी, जमिनीची मोजणी, सगळं गणपतीनंतर. वर्षभराचं पोट त्या एका हंगामावर असतं, म्हणून मी कुणाला हसत नाही. पण बाकीचं सगळं थांबतं त्याप्रमाणे काळीजही थांबून राहील, अशी आपली ठाम समजूत आहे, आणि ही चूक आपणच करू शकतो. मी माझ्या धाकट्या भावाला, दिनेशला फोन लावला. तो धाटावला कंपनीत आहे आणि रोह्यातच राहतो. तोही म्हणाला, "ताई, बाबा ऐकनार नायत. मला पन गणपतीनंतरच रजा मिळेल." मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या बायकोने नंतर मला कळवलं की तो जेवला नाही. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

रोज फोन करून मी समजावत होते. बाई शिकवायच्या तसं, साध्या भाषेत. मी म्हटलं, आपला रंग फवारायचा कॉम्प्रेसर आहे, त्याचा पाइप आहे, पाइपात रंग सुकला की गन कितीही दाबा, फवारा येत नाही. छातीत तेच झालंय. बाबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग पाइप बदलू की. गणपतीनंतर." जर्मनीतल्या परीक्षेत मला यावर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. जोह्यात मी नापास.

पुढच्या रविवारी मी ठरवूनच बसले. म्हटलं, "बाबा, समोर आहे त्या मूर्तीची एक पापणी एका दमात काढून दाखवा. मध्ये ब्रश उचलायचा नाही. निघाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही. गणपतीनंतर काय, शिमग्यानंतर जा."

नर्स म्हणून हे शहाणपणाचं नव्हतं, हे मला कळत होतं. पण माझ्याकडे दुसरं हत्यार उरलं नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. आमच्या घराण्यात हट्टीपणाचा तुटवडा कधीच नव्हता. त्यांनी ब्रश रंगात टेकवला, श्वास घेतला आणि धरला. शेडमधल्या बायका थांबल्या. रेष अर्ध्यापर्यंत नेहमीसारखी गेली, मग ब्रशचं टोक थरथरलं. त्यांनी उचलला नाही. रेष पुढे सरकली आणि खाली उतरली, डोळा सोडून गालावर. बाबांनी फडक्याने ती पुसली. पुसून झाल्यावरही ते पुसतच होते.

आई पाठीमागून पुढे आली. तिने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाली, "अवो, शर्ट घाला."

दिनेशला रजा कशी मिळाली मी विचारलं नाही. त्याच संध्याकाळी पेणला ईसीजी झाला आणि डॉक्टरांनी पुढे पनवेलला पाठवलं. तिथे अँजिओग्राफी आणि लागलीच अँजिओप्लास्टी ठरली. मी व्हिडिओ कॉलवर, आईबाबा बाकावर, आणि मध्ये दिनेश फोन धरून. आईने विचारलं, "काळीज फाडनार काय?" मी म्हटलं, नाही गो, मनगटाच्या शिरेतून बारीक नळी घालतात, हृदयापर्यंत नेतात, अडलेली जागा फुग्याने उघडतात आणि तिथे जाळी बसवतात. तिन्ही भाषा एकत्र करून मी ते सांगितलं आणि तिला एका झटक्यात कळलं. पण बाबांचा चेहरा पडला. त्यांनी उजवा हात मागे घेतला होता. "यातून नको," ते म्हणाले. छातीची भीती त्यांना वाटली नव्हती, हाताची वाटली. मी दिनेशला म्हटलं, डॉक्टरांना सांग, यांचा उजवा हात डोळे आखतो, डावीकडून जमेल का विचार. डॉक्टर भले माणूस निघाले, डावीकडून गेले. एक मोठी शीर जवळजवळ पूर्ण बंद होती. ती दोन महिने थांबली नसती, असं त्यांनी दिनेशला स्वच्छ सांगितलं.

त्या वर्षी राहिलेल्या मूर्तींचे डोळे आईने आखले. इतकी वर्षं बाबांच्या शेजारी बसून तिने सोनेरी भरलं होतं, डोळ्यांना हात लावला नव्हता. व्यापारी कुरकुरले, मग घेऊन गेले. बाबा खुर्चीत बसून सूचना देत होते आणि ती ऐकत नव्हती. मी परीक्षा पास झाले. त्या गणपतीत मी घरी गेले नाही. जाता आलं असतं, पण नवीन नोकरीवर रुजू व्हायचं होतं आणि मी ते पुढे ढकललं नाही. मी इथेच राहणार आहे, हेही मी आईबाबांना तेव्हाच सांगितलं. आई दोन दिवस फोनवर कमी बोलली. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं की तिकडे तांदूळ कसा मिळतो.

आता घर म्हणजे काय, असं मला इथल्या मैत्रिणी विचारतात. शेड, खाडीवरून येणारा खारा वारा, पेणचा एसटी स्टँड, हे सगळं आठवतं, ते नाकारत नाही. पण आठवणींवर मी फार विसंबत नाही. त्या शब्दांसारख्याच असतात, न वापरता ठेवल्या की गंजतात. माझ्यापुरतं घर म्हणजे ती माणसं, ज्यांच्यापुढे "बरं आहे" म्हणून सुटका होत नाही. बाबांना हे जाळी बसल्यावर कळलं. आता ते फोनवर सरळ सांगतात, आज विहिरीपर्यंत गेलो, दम लागला, बसलो, मग परत आलो.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तू कशी हायस?" "बरं आहे" हे उत्तर जिभेवर तयार होतं. त्या दिवशी वॉर्डातल्या एक आजी गेल्या होत्या. रोज सकाळी त्या माझे जर्मन उच्चार दुरुस्त करायच्या. त्यांच्या मुलीला मी जे सांगायला हवं होतं ते मला कुठल्याच भाषेत सुचलं नाही. मी तिचा हात धरून उभी राहिले आणि नंतर कपडे बदलायच्या खोलीत जाऊन रडले. हे सगळं मी बाबांना सांगितलं. पलीकडे शेडमध्ये कॉम्प्रेसर चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

मग बाबा म्हणाले, "आज जेवून झोप. उद्या परत कामावर जा."

मी जेवले. झोपले. आणि सकाळी गेले.