नवलच्या नावाचा रोट

धुळ्याच्या एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मी ‘दोन दिवसांचं गाव’ हे सदर लिहितो. पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. आता शनिवारी कुठे जावं आणि रविवारी काय खावं एवढंच सांगतो, तर लोक रस्त्यात अडवून नमस्कार करतात. लोकांना लहान गाव राहायला नको असतं, बघायला हवं असतं. सोमवारी परत जाता येणार असेल तर त्यांना सगळं आवडतं. याचा मला राग येतो आणि सदर मात्र सोडवत नाही.

दोंडाईच्यावर लिहिलं तेव्हा त्यात गढी आली, हंगामात गावाबाहेर वाळत घातलेली मिरची आली, मुडावदचा तापी-पांझरेचा संगम आला. शेवटच्या चार ओळी माझ्या जुन्या ओळखीच्या भिकुअक्कांच्या घरावर होत्या. वर दोन खोल्या, खाली चुलीवरचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. संपर्कासाठी नंबर मी माझाच दिला, कारण अक्का फोन उचलला की समोरच्याच्या घरची खुशाली विचारत बसायच्या आणि तो येणार कधी हे विचारायचं राहून जायचं.

अक्कांचं माहेर शिंदखेड्याकडचं. नवरा पुनाभाऊ बाजार समितीत हमाल होते, ते जाऊन आता नऊ वर्षं झाली. अक्कांनी तीस वर्षं व्यापाऱ्यांच्या पथारीवर मिरचीचे देठ खुडले. हंगामात हातांची अशी आग व्हायची की तान्ह्या नवलला त्या कोपरांनी उचलायच्या, बोट लागू द्यायच्या नाहीत. नवल हा एकुलता एक. तो सुरतेला साड्यांच्या छपाईत लागला आणि दोन वर्षांत सुपरवायझर झाला. लग्न झालं की राहायला होतील म्हणून वरच्या दोन खोल्या त्यानेच बांधल्या. लग्न जमेना, खोल्या रिकाम्या पडल्या. त्यात पाहुणे ठेवा, हा सल्ला माझा. शहाणपणा शिकवायची खोड मास्तरकी सुटली तरी सुटत नाही.

नवल दर गुरुवारी दुपारच्या सुट्टीत फोन करायचा. काय जेवलास, याच्या पलीकडे दोघांचं बोलणं फारसं जायचं नाही, पण गुरुवारी बारा वाजल्यापासून अक्का फोन पदरात घेऊन बसायच्या. वर्षातून एकदा कानबाईला तो घरी यायचाच.

कानबाई ही आमच्या खानदेशाची. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडायची, नथ घालायची, सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. त्या दिवसांत चक्कीवाले चक्की धुऊन काढतात, कारण रोटाच्या गव्हात परकं पीठ मिसळलेलं चालत नाही. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचा, त्याचे रोट करायचे आणि ते घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत. अक्कांच्या घरी याहून एक रीत जास्त होती. रोट वाढताना ज्याचा त्याचं नाव घ्यायचं आणि त्याने ‘हाव’, म्हणजे हो, म्हणून पुढे व्हायचं. पुनाभाऊ गेले त्या वर्षी त्यांची मूठ थांबली. ज्याची मूठ निघते तो जिवंत आणि या घरचा, इतका साधा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी नाशिकच्या जितेंद्रचा मला फोन आला. विमा कंपनीत नोकरी, वय नवलएवढंच. त्याला नेमका कानबाईचा शनिवार-रविवार हवा होता. मी अक्कांना विचारलं. त्या सरळ म्हणाल्या, “कानबाईना रविवारले पाव्हना नको, नाना.” मी ऐकलं नाही. वरच्या खोलीत पडून राहील, देवीपाशी येणार नाही, असं म्हणून त्यांच्या गळी उतरवलं. मलाही सदरासाठी कानबाई बघायचीच होती.

जितेंद्र शनिवारी आला. सभ्य, अबोल. अहिराणी त्याला ओ की ठो कळत नव्हती. ‘बठ्ठा’ म्हणजे सगळे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. रविवारी दुपारी नैवेद्य झाला. अक्कांचे दीर प्रेमराज आणि त्यांचे दोघे मुलगे रोट खाऊन शेजारी आपल्या घरी गेले. नवलचा पत्ता नव्हता. सुरतेची गाडी येऊन गेली आणि मग त्याचा निरोप आला की मालाची घाई आहे, सुट्टी नाही. त्याच्या नावाचा रोट ताटात तसाच राहिला.

मी ओट्यावर बसलो होतो. जितेंद्र स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळताना दिसला. वासाने खाली आलो, म्हणाला. घरी वाट बघणारं कुणी नाही, कुणी असं करून वाढलेलं आठवत नाही, असंही काहीतरी बोलला. मग आतून अक्कांचा आवाज आला, “नवल.” आणि पाठोपाठ जितेंद्रचा, “हाव.”

मी काही उठलो नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला जेवायला मिळालं, बरं झालं.

सोमवारी सकाळी मी अंगणात चहा पीत होतो. मागच्या दाराची कडी अडते, गुडघा लावून फळी उचलल्याशिवाय ती निघत नाही. पाहुणे तिथे नेहमी अडकतात आणि हाका मारतात. जितेंद्र जिना उतरला, खाली न बघता गुडघा लावून त्याने दार उघडलं आणि जांभई देत विचारलं, “पानी तपनं का, माय?”

अक्का चुलीपाशी होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तो आंघोळीला गेल्यावर त्यांनी सांगितलं की रोट त्यांनी मुद्दाम दिला नव्हता. पोरगा उपाशी दिसला, हाताने ताट उचललं आणि दरवर्षीच्या सवयीने नाव तोंडून निघून गेलं. त्याने हाव म्हणायला नको होतं. “मन्ही चूक शे,” त्या म्हणाल्या. मी त्यांना हसलो. चार शब्द कानावर पडले ते उचलले असतील, असं सांगून धुळ्याची एसटी धरली. खरं म्हणजे मला भीती वाटली होती आणि ती कबूल करायची नव्हती.

त्या गुरुवारी नवलचा फोन आला नाही. पुढच्याही नाही. अक्कांनी स्वतः लावला, तर तो हिंदीत अगदी आदराने म्हणाला की आपल्याला कोण हवंय. मी माय, असं त्या म्हणाल्या. त्याने सांगितलं की नंबर चुकला असेल. अक्कांनी मला बोलावून घेतलं. मी माझ्या फोनवरून लावला. नाव बरोबर, कारखाना बरोबर, आवाज तोच. गप्पा वाढवून मी त्याचं मूळ गाव विचारलं. तो म्हणाला की तिकडेच कुठेतरी, तापीच्या काठाला, आता नीट आठवत नाही.

इकडे जितेंद्र दर पंधरवड्याला यायला लागला. पहिल्यांदा मला कळवून, नंतर न कळवताच. त्याचं वाईट बोलायला मला एक जागा सापडली नाही, हाच माझा खरा त्रास. त्याने ओट्याची फरशी बसवली, अक्कांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, हिवाळ्यात त्यांच्या तळहातांना तेल चोळलं. नवलने यातलं काही कधी केलं नव्हतं. समोरच्या झुंबरबाईंनी त्याला एकदा पाठमोरं पाहिलं आणि नवल कधी आला म्हणून विचारलं, “नवल कव्हय उना व?” अक्कांनी दुरुस्ती केली. महिनाभराने झुंबरबाईंनी पुन्हा तसंच विचारलं, तेव्हा केली नाही.

पुढचा श्रावण जवळ आला तशा अक्का माझ्या मागे लागल्या. या वर्षी नवलने स्वतः येऊन, स्वतःच्या तोंडाने हाव म्हणून आपला रोट खाल्ला, तर तो परत त्यांचा होईल. या वर्षी चुकलं, तर संपलं. त्यांना एवढंच ठाऊक होतं आणि त्यात त्यांना तसूभर शंका नव्हती. पण त्याला आणायचं कसं? आई बोलावते म्हटलं तर तो नंबर चुकला म्हणणार. अक्का म्हणाल्या, “पाव्हना म्हनीसन लयी या, पन लयी या.”

मग मी माझा धंदा केला. नवलला फोन लावला आणि सदराचा लेखक म्हणून ओळख दिली. सुरतेहून गाडीने थेट जाता येईल असं एक सुरेख लहान गाव आहे, म्हटलं. जुनी गढी आहे, संगम आहे, एक अक्का चुलीवर जेवू घालतात. त्याच्या गल्लीचं, त्याच्या घरासमोरच्या निंबाचं मी त्याला वर्णन केलं. जीभ सराईतपणे चालली होती. त्याला फार आवडलं. शहराचा कंटाळा आलाय, तीन मित्रांना घेऊन येतो, म्हणाला.

जितेंद्रला अक्कांनी त्या आठवड्यात येऊ नको म्हणून सांगितलं. तो बरं म्हणाला.

शनिवारी गाडी वेळेवर आली. मित्र त्याला नवलभाई नवलभाई करत होते आणि तो प्रत्येक हाकेला ओ देत होता. घराशी आल्यावर तो ओट्यावर थांबला, चपला कुठे काढू म्हणून विचारलं. पुढच्या खोलीत पुनाभाऊंच्या हार घातलेल्या फोटोसमोर जरा उभा राहिला आणि हे कोण, असं मला हळूच विचारलं. याच पोराने त्यांना अग्नी दिला होता, मी तिथे होतो. मला वाटलं, मित्रांसमोर हमाल बापाची लाज वाटत असेल, आणि कानाखाली द्यावीशी वाटली. पण त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. परक्या घरात माणूस जितकं हळू बोलतो तितकंच तो बोलत होता. अक्का पाण्याचा तांब्या घेऊन मागेच उभ्या होत्या. घरचे धनी, एवढंच त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी मित्र वरच्या खोलीत होते. नैवेद्य झाला, दीर-पुतणे खाऊन गेले. कानबाईची पूजा आतून बघा, म्हणून मी नवलला एकट्याला खाली आणलं आणि पाटावर बसवलं. अक्कांनी ताट दोन्ही हातांनी धरलं होतं.

“नवल.”

त्याने मागे वळून पाहिलं. दुसऱ्या कुणाला हाक मारली की आपण बघतो, तसं. मागे भिंत होती. तो पुन्हा अक्कांकडे वळला आणि हसला.

अक्का एक पाऊल पुढे झाल्या. “नवल, बेटा.”

“कोणाला बोलावताय, अक्का?” त्याने विचारलं. त्याला खरंच मदत करायची होती. मी वरून कुणाला हाक मारू का, असंही म्हणाला.

तेवढ्यात मागच्या दाराची फळी उचलल्याचा आवाज झाला आणि जितेंद्र आत आला. हातात पिशवी होती, शर्टाला प्रवासाची धूळ होती. “हाव, माय,” तो म्हणाला. मग मला बघून ओशाळला. येणार नव्हतो नाना, पण घरी कानबाई आणि मी तिकडे काय करू, असं म्हणत तो हात धुवायला मोरीकडे गेला.

मी अक्कांच्या कानाशी गेलो. त्याच्यापुढे ठेवा, म्हटलं, नवलपुढे ठेवा, रीत गेली खड्ड्यात. इतका मी कधी कुणावर चिडलो नव्हतो. अक्का माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ज्यानी हाव म्हनं, त्याना रोट.” त्यांनी नवलच्या शेजारी दुसरा पाट मांडला आणि हात धुऊन आलेल्या जितेंद्रपुढे ताट ठेवलं. तो खाली मान घालून खाऊ लागला. नवल कौतुकाने बघत होता. फोटो काढला तर चालेल का, असं त्याने विचारलं. मग अक्कांनी दुसरं ताट घेतलं आणि नवलला पाहुण्यांचं जेवण वाढलं, पुरणपोळी, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. तो नको म्हणेपर्यंत त्या वाढत राहिल्या. त्याच्या पोळीवर तूप सोडताना त्यांचा हात जरा जास्तच वाकडा झाला आणि तूप ताटाबाहेर सांडलं.

सोमवारी सकाळी मी चौघांना स्टेशनवर सोडायला गेलो. अक्का आल्या नाहीत. गावात कानबाईच्या मिरवणुकीचे डफ वाजत होते. नवल खूश होता. असं गाव जवळ असून इतकी वर्षं कळलं नाही, म्हणाला. गाडी दिसायला लागली तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, त्या अक्कांचा मुलगा किती जीव लावतो त्यांना. असं आता बघायला मिळत नाही. तेवढं तुमच्या सदरात जरूर लिहा.”

मी मान हलवली. गाडी गेल्यावर बाकड्यावर बसून राहिलो. अक्कांना काय सांगायचं ते जुळवत घरी पोचलो, तर त्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. आत जितेंद्र फोनवर कुणाशी तरी मोठ्याने अहिराणीत बोलत होता. मी काही बोलायच्या आत अक्कांनी विचारलं, “पोटभर जेवना का तो?”

मी हो म्हणालो.