तिसरी मेणबत्ती

मीच फुंकली ती मेणबत्ती.

रविवार होता. आठ दिवसांनी नळाला पाणी आलेलं. मी ड्रम, हंडे, कळशा भरत होते. आमचे हे, शामुवेल, वाळूजच्या कंपनीतून नाइट शिफ्ट करून आलेले.

बाहेरच्या खोलीत आले तर टेबलावर तीन मेणबत्त्या पेटलेल्या.

नाताळच्या आधी चार रविवार आम्ही एकेक मेणबत्ती वाढवत नेतो. हा दुसराच रविवार होता. तिसरी गुलाबी, आनंदाची.

"अहो, तिसरी कशाला?"

"पुढच्या रविवारी फर्स्ट शिफ्ट हाय. तू चर्चला, मी कंपनीत. आजच बघून घेतो."

"हे थांबायचे दिवस असतात." मी फुंकर मारली.

"लई नियमाची बाई," ते हसले. मग छाती चोळत म्हणाले, "दोन मिनिटं बसू का?"

"आधी मोटर बंद करा."

ते गेले.

मोटर चालूच राहिली. ड्रम भरून पाणी अंगणभर झालं. मी दोनदा हाक मारली.

मोटरजवळ भिंतीला टेकून बसले होते. डिसेंबरच्या थंडीत शर्ट घामानं भिजलेला.

शेजारच्या रफिकभाईंनी रिक्षा काढली. त्यांच्या घरच्या शबाना भाभी अनवाणीच आत बसल्या आणि यांचे तळवे चोळू लागल्या. डोकं माझ्या मांडीवर. ओठ निळे पडत चाललेले.

मला प्रार्थना करायची होती.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या..."

पुढचं आठवेना. लहानपणापासून रोज म्हणते. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच अडकले. कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं वाटलं.

भाभी तोंडातल्या तोंडात काही म्हणत होत्या.

"भाभी, मोठ्यानं म्हणा."

"मेरी दुआ है, बाजी. चलेगी?"

"चलेगी."

त्यांनी मोठ्यानं म्हटली. मला एक शब्द कळला नाही. यांनी डोळे उघडले, भाभींकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझं बोट घट्ट धरलं.

दवाखान्याच्या गेटशी ते बोट सुटलं.

भाभींची दुआ संपली तेव्हा मी आमेन म्हटलं.

मी बरीच पुस्तकं वाचते. देव येणार म्हणून वाट बघायची, हे त्यात वाचलं होतं. त्या रिक्षात तो आला होता, एवढं मला कळलं. यांना वाचवायला नाही आला. याचा राग अजून आहे, आणि तो मी त्यालाच सांगते.

आज तीन वर्षं झाली. शामुवेल, निवांत बसा आता. मोटर मी बघते.

तेव्हा, त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, माती देऊन आम्ही घरी आलो. मी काडी ओढली तशी नणंद म्हणाली, "वहिनी, तिसरा रविवार नाय आला अजून."

"माहीत आहे," म्हटलं.

आणि गुलाबी मेणबत्ती पेटवली.